तार तुटल्यावर टोकाला काय उरते? : खडकीच्या नहरीपासून वारणेच्या संगणकापर्यंत

धागा 🧵

१/ छत्रपती संभाजीनगरात खाम नदीच्या काठी पाणचक्की आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात सुमारे १७४४ साली तुर्कताज खानाने ती उभारली. काही मैलांवरच्या डोंगरातील पाणी मातीच्या नळांतून येथवर आणले गेले, उंच भिंतीवरून हौदात सोडले गेले आणि त्या ओघावर जाते फिरू लागले. त्या पिठावर दर्ग्यातील शिष्य आणि यात्रेकरू जेवत.

२/ शक्तीचा उगम डोंगरात होता, काम मात्र दर्ग्याच्या दारात होत होते. दळण घेऊन कोणाला डोंगर चढावा लागला नाही. आज संगणकशास्त्रात ‘एज कॉम्प्युटिंग’ नावाचा विचार चर्चेत आहे. गणनेचे काम दूरच्या एका प्रचंड केंद्रात न करता वापरणाऱ्याच्या जवळ, जाळ्याच्या टोकाशी, अनेकांनी वाटून घेतलेल्या लहान यंत्रांवर करावे, असा त्याचा आशय. नाव नवे असले तरी त्यामागचा पेच या शहराच्या परिचयाचा आहे.

३/ पाणचक्कीच्याही आधीची कथा मलिक अंबरची. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला हा निजामशाहीचा वजीर. १६१० साली त्याने खडकी वसवली. पुढे तिचे फत्तेनगर आणि मग औरंगाबाद झाले. या नव्या नगरासाठी त्याने उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे भूजल जमिनीखालच्या मार्गाने आणवले. तीच नहर-ए-अंबरी.

४/ नहरीचे खरे कौशल्य शहराच्या आत दिसते. पाणी ठिकठिकाणी बांधलेल्या उंच स्तंभांत चढे, तेथे नळांतील दाब आणि कोंडलेली हवा मोकळी होई, आणि मग ते वेगवेगळ्या वस्त्यांकडे वाटले जाई. वस्तीत हौद असत. मूळ प्रवाहात बिघाड झाला, तरी हौदातले पाणी त्याच क्षणी आटत नसे. दुरुस्ती होईपर्यंत टोकाला स्वतःचा साठा होता.

५/ कोणत्याही जाळ्याला विचारावा असा एक प्रश्न येथून मिळतो : केंद्राशी असलेला दुवा तुटला, तर टोकाला काय उरते? साठा उरतो का? निर्णय उरतो का? दुरुस्ती करणारा हात उरतो का? महाराष्ट्रात संगणक खेड्यापर्यंत कसा पोहोचला, याचा इतिहास याच प्रश्नाच्या उजेडात वाचण्यासारखा आहे.

६/ आरंभी टोक नव्हतेच. होते ते केवळ केंद्र. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. सुमारे २,७०० व्हॉल्व्हचे ते यंत्र याच देशात रचलेले होते. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा त्याहून कितीतरी शक्तिमान संगणक आला आणि देशभरातील संशोधकांना तो खुला झाला.

७/ खुला असणे आणि जवळ असणे यांत मात्र अंतर होते. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ सालची. त्या काळी औरंगाबादची रेल्वे मीटरगेज होती. मुंबईला जाणाऱ्याने मनमाडला उतरून ब्रॉडगेजची गाडी धरायची. त्या यंत्रापर्यंत पोहोचण्याची वाट अशी होती. गणित छिद्रित कार्डांवर उतरवायचे, कार्डांचा गठ्ठा यंत्राच्या स्वाधीन करायचा, आपली पाळी येईपर्यंत थांबायचे. एका कार्डावर चूक निघाली की पुन्हा पाळी.

८/ यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. यंत्र इतके महाग होते की ते एकाच ठिकाणी ठेवणे आणि सर्वांनी वाटून वापरणे हाच शहाणपणा होता. अमेरिकेत १९६९ साली सुरू झालेल्या अर्पानेटचा एक मूळ हेतूही हाच होता : एका विद्यापीठातील संगणक दुसऱ्या विद्यापीठातील संशोधकाला दुरून वापरता यावा. वाटून घेणे हा संगणक-जाळ्यांचा आदिम हेतू आहे. वाद फक्त इतकाच, की वाटप कोठून व्हावे.

९/ भारतात या वादाला पहिले ठोस उत्तर संगणकाने नव्हे, दूरध्वनीने दिले. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि तिने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे लहान स्वयंचलित एक्सचेंज घडवले. परदेशी एक्सचेंजांना वातानुकूलित खोली लागे. हे यंत्र भारतीय खेड्यातील उकाडा आणि धूळ सोसत चाले. १९८६ साली पहिले एक्सचेंज बसले ते बेळगाव जिल्ह्यातील कित्तूरला.

१०/ हे एक्सचेंज म्हणजे आतून एक संगणकच होता. गावातल्या गावात फोन लावला, तर तो जोडण्याचा निर्णय गावातच होई. शहराकडे जाणारी तार तुटली तरी वरच्या आळीचा फोन खालच्या आळीत वाजे. टोकाला निर्णय उरला होता. त्यापाठोपाठ पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. फोन एक, वापरणारे अनेक, आणि चालवणारा गावातलाच कोणी. नव्वदच्या दशकात बसस्थानकाबाहेर रात्री उशिरा लागणाऱ्या रांगा त्या बूथच्याच.

११/ त्याच सुमारास शासनाचे जाळेही पसरत होते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उपग्रहाच्या साहाय्याने ‘निकनेट’ उभारले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत आपली केंद्रे स्थापिली. संगणक आता जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत आला. पण त्याचे काम मुख्यतः जिल्ह्याची माहिती वर धाडण्याचे होते. ज्याची माहिती वर जात होती, त्या माणसासाठी त्या खोलीत खुर्ची नव्हती.

१२/ ती खुर्ची मांडण्याचा मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. १९९८ सालचा हा ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारी साखर कारखान्याचे आणि त्याच्या भोवतालच्या दूध, शिक्षण, ग्राहक भांडार या संस्थांचे हे क्षेत्र. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे त्यात होती. खर्चाचा ५० टक्के भार केंद्राने, ४० टक्के राज्याने आणि १० टक्के वारणेच्या संस्थांनी उचलायचा असे ठरले. तांत्रिक जबाबदारी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची होती.

१३/ या प्रयोगाचे महत्त्व कळायचे, तर ऊस उत्पादकाची धास्ती कळली पाहिजे. ऊस लावला की लागणीची नोंद कारखान्यात करायची. त्या नोंदीवर तोडणीची पाळी ठरते. पाळी लांबली की उभा ऊस वाळतो, वजन घटते, पुढच्या पिकाला शेत मोकळे होत नाही. तोड झाली की काट्यावर वजन, वजनावर बिल, बिलातून खताची आणि कर्जाची वजावट. या प्रत्येक पायरीवर शेतकऱ्याला एकच गोष्ट हवी असते : कागदावर आपल्या नावापुढे काय लिहिले आहे?

१४/ पूर्वी हे पाहण्यासाठी कारखान्याच्या कचेरीत खेटे घालावे लागत. एक खेप म्हणजे एक दिवस बुडाला. आता गावोगावी मिळून पन्नासहून अधिक केंद्रे उघडली. प्रत्येक केंद्रात संगणक, छपाईयंत्र आणि तो चालवणारा माणूस. तेथे लागणीची नोंद होऊ लागली, तोडणीची पाळी कळू लागली, वजनाची पावती छापून हातात पडू लागली. आपले वजन आपल्याच गावात वाचता येणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

१५/ स्वप्न याहून मोठे होते. या केंद्रांतून बाजारभाव, पीकसल्ला, आरोग्य, शिक्षण, शासकीय योजना असे सारे काही मिळेल, असे आरंभी सांगितले गेले होते. देशोदेशीचे अभ्यासक वारणेला येऊन गेले. ग्रामीण संगणकीकरणावरील लेखनात वारणेचे नाव हमखास येऊ लागले.

१६/ काही वर्षांनी, २००६ च्या सुमारास, बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा यांनी ही केंद्रे जवळून पाहिली. त्यांना आढळले, की संगणक वापरात होते, पण जवळजवळ पूर्णपणे उसाच्या व्यवहारापुरते. बाकीचे स्वप्न कागदावरच राहिले होते. एवढ्या कामासाठी संपूर्ण संगणक ठेवणे, त्याची देखभाल करणे आणि विजेची वाट पाहणे महाग पडत होते.

१७/ म्हणून त्यांनी ‘वारणा अनवायर्ड’ हा प्रयोग केला. सात गावांत, आठ महिने. गावातील संगणकाऐवजी मोबाइल. ठरावीक साच्यातला लघुसंदेश पाठवायचा; मुख्य कचेरीत संगणकाला जोडलेला एक फोन तो स्वीकारून उसाची माहिती परत पाठवायचा. संगणकाची सर्व कामे त्यावर झाली, खर्च घटला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांना ही पद्धत अधिक आवडली. तरीही तिचा विस्तार अपेक्षेइतका वेगाने झाला नाही. त्यामागे सांस्कृतिक आणि राजकीय कारणे असल्याचे संशोधकांनीच नमूद केले आहे.

१८/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. वारणेत यंत्र टोकाला गेले, पण निर्णय केंद्रातच राहिला. कोणाची तोड केव्हा, हे गावातला संगणक ठरवत नव्हता. तो ठरलेले दाखवत होता. म्हणूनच त्याची जागा एका लघुसंदेशाने सहज घेतली. जे टोक केवळ खिडकी असते, ते लहान करता येते. कित्तूरचे एक्सचेंज मात्र असे लहान करता आले नसते, कारण काम तेथेच होत होते.

१९/ याचा अर्थ वारणेचा प्रयोग फसला असा नाही. शेतकऱ्याला यंत्र नको होते, कळायला हवे होते; आणि जे वजन पूर्वी कचेरीच्या वहीत बंद होते, ते त्याच्या हाती आले. पारदर्शकतेची भूक खरी होती. पण पारदर्शकता आणि विकेंद्रीकरण ही जुळी भावंडे नव्हेत. एक आली म्हणून दुसरी आपोआप येत नाही.

२०/ आणि या जाळ्याचे शेवटचे टोक कोणते, हाही प्रश्न उरतोच. पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या फडांत दर हंगामी मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, कोयता घेऊन मजूर जातात. त्यांचाही हिशेब टनावरच असतो : मुकादमाकडून घेतलेली उचल, तोडलेला ऊस, फिटलेली रक्कम, उरलेले कर्ज. वारणेची केंद्रे ऊस उत्पादक सभासदाभोवती रचलेली होती. ऊस ज्याचा, त्याच्यासाठी पडदा उजळला. ऊस ज्याने तोडला, त्याचा हिशेब मुकादमाच्या वहीत राहिला. जाळे कोठे संपते हे तारेवर नव्हे, कोणाला मोजायचे ठरवले आहे यावर अवलंबून असते.

२१/ २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यांत उघडले. हे वर्ग चालवणारे बहुधा स्थानिक संस्थाचालक आणि छोटे उद्योजक होते. अभ्यासक्रम एकच, परीक्षा एकच, पण यंत्रे, जागा आणि जोखीम स्थानिकाची. मराठवाड्यातील असंख्य तरुणांचा संगणकाशी पहिला स्पर्श अशाच एखाद्या वर्गात झाला. एका यंत्राचे तास वाटून घेत, पाळीपाळीने. वर्ग तालुक्याचाच असल्याने बिघाड दुरुस्त करणारा हातही तेथेच लागत होता.

२२/ त्यानंतरच्या काळात मात्र प्रवाह उलटा फिरला. जोडणी स्वस्त झाली, तशी माहिती आणि गणना पुन्हा मोठ्या केंद्रांकडे गेली. त्याला ‘क्लाऊड’ असे हलकेफुलके नाव मिळाले. सातबारा, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, रास्त भाव दुकानातील अंगठ्याची ओळख, सारे दूरच्या सर्व्हरवर. लाभ मोठे होते : उतारा कोठूनही निघू लागला, एकाच कागदासाठी दहा खेपा वाचल्या.

२३/ किंमतही होती, आणि ती तीन शब्दांत मावते : ‘सर्व्हर डाऊन आहे.’ हे वाक्य आज महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ठाऊक आहे. दुकानात धान्याची पोती रचलेली असतात, दुकानदार समोर असतो, शिधापत्रिकेवरच्या बाईला तो वर्षानुवर्षे ओळखत असतो. तरीही दूरचे यंत्र ओळख पटवत नाही तोवर पोते उघडत नाही. धान्य टोकाला आहे, निर्णय टोकाला नाही. रोजंदारी बुडवून आलेल्या बाईला तोच हेलपाटा पुन्हा पडतो. एके काळी वारणेचा शेतकरी कचेरीत घालत होता, तोच.

२४/ संगणकशास्त्रानेही हा पेच ओळखला आहे. २००९ साली महादेव सत्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘क्लाऊडलेट’ची कल्पना मांडली : दूरच्या ढगाऐवजी वापरणाऱ्याच्या शेजारीच एक लहान, सर्वांनी वाटून वापरायचा संगणक. २०१२ च्या सुमारास सिस्को कंपनीच्या संशोधकांनी ‘फॉग’ हा शब्द रूढ केला. फॉग म्हणजे धुके, जमिनीलगत उतरलेला ढग. उपमा मोठी बोलकी आहे. ढगाकडे मान वर करून पाहावे लागते; धुके अंगणात असते.

२५/ या नव्या विचाराचा जोर बहुधा वेगावर असतो. स्वयंचलित गाडीला दूरच्या केंद्राच्या उत्तरासाठी क्षणभरही थांबणे परवडत नाही, म्हणून गणना जवळ हवी, असा त्याचा युक्तिवाद. महाराष्ट्राचा अनुभव त्यात एक भर घालतो. जवळीक केवळ वेगासाठी लागत नाही. दुवा तुटलेल्या दिवशीही माणसाचे काम अडू नये, यासाठी ती लागते. त्यासाठी टोकाच्या यंत्रात थोडा साठा हवा, काही निर्णय तेथेच घेण्याची मुभा हवी, आणि झालेल्या व्यवहाराचा मेळ दुवा जुळल्यावर केंद्राशी घालता आला पाहिजे.

२६/ हे फुकट मिळत नाही. टोकाला अधिकार दिला की टोकाला लबाडीची संधीही मिळते. बोगस शिधापत्रिका आणि काळा बाजार हे केंद्रीकरणामागचे खरे कारण होते, काल्पनिक नव्हे. शंभर ठिकाणची यंत्रे सांभाळणे एका ठिकाणचे यंत्र सांभाळण्यापेक्षा कठीण असते. विकेंद्रित व्यवस्था टिकते ती जेथे टोकाला जबाबदार माणूस असतो आणि त्याच्यावर टोकाच्याच लोकांची नजर असते, तेथे. वारणेच्या वजनाच्या पावतीचा खरा धडा बहुधा हाच आहे : हिशेब उघडा असेल, तर अधिकार खाली सोडण्याची भीती कमी होते.

२७/ आता पुन्हा संभाजीनगर. विसाव्या शतकात शहराला नळयोजना आल्या, पुढे पैठणच्या जायकवाडी धरणातून कित्येक मैलांवरचे पाणी उपसून आणले जाऊ लागले. एवढ्या मोठ्या शहराला नहरींवर जगता आले नसते, हे खरेच. पण नव्या नळाच्या भरवशावर जुन्या नहरींची निगा सुटली. कोठे गाळ भरला, कोठे बांधकामाने मार्ग तुटला. आज मुख्य वाहिनी फुटली की वस्त्यांतील नळ कोरडे पडतात आणि लोक टँकरची वाट पाहतात. चार शतकांपूर्वी ज्या नगराच्या वस्तीवस्तीत साठा होता, तेथे आता प्रत्येक घर गच्चीवर आपापली टाकी ठेवते. तीही टोकाची साठवणच, फक्त वाटून घ्यायची राहिली नाही.

२८/ गणनेचेही असेच होत आहे. प्रत्येकाच्या खिशात टिफ्रॅकहून कितीतरी पटींनी शक्तिमान संगणक आहे, आणि तरीही एका दाखल्यासाठी सारे एकाच दूरच्या यंत्राच्या जागे होण्याची वाट पाहतात. आज टोकाला शक्तीचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो शेजाऱ्याबरोबर ती वाटून घेण्याच्या व्यवस्थेचा आणि टोकावर विश्वास टाकण्याच्या तयारीचा.

२९/ मलिक अंबर १६२६ साली गेला. त्याची नहर मात्र शतकानुशतके वाहिली, कारण तिचे पाणी एका ठिकाणी कोंडलेले नव्हते आणि तिचे हौद वस्तीच्या अंगणात होते. पुढच्या वेळी पाणचक्कीला जाणाऱ्याने चाकाकडे पाहून झाल्यावर हौदाकडेही पाहावे. चाक फिरवणारे पाणी तेथे आधी साठते, मग पुढे जाते.

#इतिहास #मराठवाडा #नहर_ए_अंबरी #वारणा #संगणकाचा_इतिहास